आधी टाकी लावा

कामिनी : बाबा, चक्की कुठं गेली?

रुपराव : कोणती?

कामिनी : ही काय, कॉम्प्युटरातली. सकाळी मी भाजी आणाले गेली तेव्हा इथं शेडमध्ये उभी होती. आता नुसती जागा दिसून राहिली.

रुपराव : तुटली.

कामिनी : तुटली म्हणजे? या खेळात काही आपोआप नाही तुटत.

रुपराव : आपोआप कशी तुटन? मी कुदळ हाणली. तूच तं चिठ्ठी लिहून ठेवली होती.

कामिनी : मी? चक्की फोडा म्हणून?

रुपराव : हे पाह्य. तुह्या हातचं अक्षर. 'बाबा, इंजिन लगेच चालू करू नका. आधी टाकी लावा.' तं लावली. पेटीत छिन्नी काही दिसली नाई, म्हटलं कुदळीनं काम भागवू. चार घाव हाणले. पाचव्याले चक्कीच गायब.

कामिनी : अवं माय! बाबा, टाकी म्हणजे पाण्याची टाकी!

रुपराव : मंग पाण्याची लिहाचं ना.

कामिनी : इंजिनाले आणखी कोणती टाकी लावतात?

रुपराव : इंजिनाले नाई, दगडाले. चक्कीचा दगड घासून घासून गुळगुळीत होते. मंग त्याले छिन्नीनं बारीक खाचा पाडा लागतात. नाई तं गहू दळल्या नाई जात, नुसता चेंदल्या जाते. पीठ गरम येते, पोळी चामट होते. त्या खाचा पाडण्याले टाकी लावणं म्हणतात. एकेचाळीस वर्षं चक्की चालवली मी वाडीले, अन् माह्या घरच्या सुनेले टाकी लावणं माहीत नाई.

कामिनी : आमच्या उमरेडच्या गल्लीत हातमाग होते बाबा. धोटा विचारा, सांगते.

रुपराव : हास, हास.

कामिनी : मी कुठं हासली?

रुपराव : खांदे हालून राहिले तुह्ये.

कामिनी : बरं, सरका थोडं. परत बनवू. दगड आहे, लोखंड आहे, दहा मिनिटांचं काम. पण तुम्ही खरंच पाच घाव हाणले?

रुपराव : एका जागी नाई हाणले. मधातून काठाकडे, जशी टाकी लावाले पाहिजे तशी. कायदेशीर.

कामिनी : हे घ्या, झाली चक्की. कुठं ठेवू?

रुपराव : होती तिथीच. थोडी डावीकडे. आणखी एक घर. हां, बस. दारातून येणाऱ्याले दगड दिसला पाहिजे अन् पट्टा नाई दिसला पाहिजे. पट्ट्यात पदर जाते.

कामिनी : इथं पट्टा नाही बाबा, पाईप आहे. आणि पदरवालं कोणी येत नाही.

रुपराव : सवय म्हणून सांगतो.

कामिनी : अन् हे दाराजवळ काय केलं तुम्ही? ह्या पायऱ्या कुठं चालल्या?

रुपराव : पायऱ्या नाई. बाकडं आहे ते. दळण होतपर्यंत बाया बसतात.

कामिनी : अन् हे बाहेरचं झाड?

रुपराव : कडुलिंब. सायकली लावाले.

कामिनी : बाबा, ही आपली वाडीची शेड आहे.

रुपराव : शेडी सगळ्या सारख्याच असतात वं.

कामिनी : उजव्या भिंतीतलं भोक पण सारखंच असते? पाण्याचा माठ ठेवायचा कोनाडा?

रुपराव : पाईप जोड तू. गप्पा कमी.

कामिनी : जोडते. हा पाईप गव्हाच्या पेटीतून चक्कीत. हा इंजिनातून शक्ती आणणारा. अन् पिठाचा हा पाईप पेटीकडे... थांबा, हा कोणी काढला? काल जोडला होता मी.

रुपराव : मीच काढला. आडवा येत होता.

कामिनी : म्हणून काल रात्रभर पीठ जमिनीवर पडलं, अन् तुमच्या त्या डुकरायनं—

रुपराव : आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते.

कामिनी : कुत्रं नाही, डुक्कर.

रुपराव : दळणारा आंधळा होता, एवढं तं खरं ना? मोतीबिंदू काढला तरी बारीक पाईप मले दिसत नाई. निळा रंग दे त्याले.

कामिनी : दिला. बाबा, एक विचारू? ह्यांचा सकाळपासून तीनदा फोन झाला. वाडीच्या शेडची किल्ली सापडली का?

रुपराव : नाई.

कामिनी : कपाटात पाहिलं?

रुपराव : पाहिलं.

कामिनी : उद्यापासून गोडाऊनवाला माल टाकणार आहे म्हणे तिथं. आज चारले तो विकत घेणारा कन्हानचा शालिकराम गाडी घेऊन येणार, चक्की अन् डिझेलचं इंजिन दोन्ही उचलाले. कुलूप उघडलं नाही तर काय सांगायचं त्याले?

रुपराव : सांगा, म्हातारा विसरला.

कामिनी : तुम्ही कधी काही विसरता का? कोण्या बाईचा डबा पितळेचा अन् कोणाचा जर्मनचा, ते सांगता तुम्ही मला जेवताना.

रुपराव : झाली का जोडणी?

कामिनी : झाली. पाण्याची टाकी पण लावली, ही पाहा, इंजिनाच्या पाठीले. पण आत्ता चालू नका करू. गव्हाची पेटी रिकामी आहे. माझ्यासोबत खेळते ती भावना आज शेतावर... म्हणजे तिच्या कॉम्प्युटरातल्या शेतावर आली नाही. ती आल्याशिवाय गहू नाही.

रुपराव : रिकामीच पाहिजे. इंजिन रिकामं चालू करतात. दाणे भरून हँडल मारलं तं मनगट मोडते. आधी मोकळं फिरू द्यावं, आवाज बसू द्यावा, मंग दोन मुठी सोडाव्या. एवढं तरी मले शिकवू नको.

कामिनी : बाबा, इथलं इंजिन तसं नाही...

रुपराव : इंजिन इंजिन असते. केलं मी चालू. ऐक, कसं पुक-पुक करते.

कामिनी : रंग पाहा त्याचा.

रुपराव : निळं आहे. थंड.

कामिनी : आता?

रुपराव : हिरवं. गरम झालं थोडं. बरोबर आहे, गरम झाल्याशिवाय तेल पातळ नाई होत.

कामिनी : बंद करा बाबा.

रुपराव : घाई नको करू. आवाज बसून राहिला.

कामिनी : नारंगी झालं! टाकीतलं पाणी पाहा, अर्ध्यावर आलं.

रुपराव : मंग टाक ना पाणी. पाण्याले काय तोटा?

कामिनी : टाकून राहिली. बादली टाकते अन् वाफ होते. खटका ओढा, खटका! लाल झालं!

रुपराव : कोणता खटका? हा का?

कामिनी : तो दिव्याचा आहे! हा, हा— गेलं.

रुपराव : अरे बापा.

कामिनी : गेलं. चक्की गेली, भिंत गेली. बाकडं गेलं.

रुपराव : कडुलिंब?

कामिनी : कडुलिंब आहे.

रुपराव : काहून फुटलं? पाणी तं होतं.

कामिनी : पाणी होतं. पण त्याची शक्ती घ्यायला कोणी नव्हतं ना. इंजिन फिरून राहिलं, शक्ती बनून राहिली, चक्कीत दाणा नाही, म्हणून चक्की घेत नाही. मग ती जाणार कुठं? आतल्या आत साचते. पाण्यानं फक्त उशीर होते.

रुपराव : म्हणजे लोड नसला का तापते.

कामिनी : हो.

रुपराव : उलटंच आहे. आमचं इंजिन लोडानं तापे.

कामिनी : सांगत होती मी. ऐकलं असतं तर... बाबा? चहा टाकू का? रागावले का तुम्ही?

रुपराव : नाई. त्या इंजिनाचा विचार करून राहिलो. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

(दाराची बेल वाजते.)

कामिनी : आले वाटते. या. केवढं ऊन घेऊन आले! थांबा, कूलरमध्ये पाणी टाकते, टाकी खाली झाली असन.

सुशील : किल्ली मिळाली का? फोन का उचलत नाही तुम्ही दोघं? अमरावती रोडवर ट्रकांची रांग, वाडीहून इथं यायला मला पाऊण तास लागला. शालिकराम कन्हानहून निघाला पण. बाबा, किल्ली?

रुपराव : पाणी पी आधी.

सुशील : पाणी नको. किल्ली. आणि हे काय? मी उन्हात फिरतोय आणि इथं गेम चालू आहे? कामिनी, तुला शनिवारची सुट्टी असते, मान्य आहे. पण बाबांना दिवसभर स्क्रीनपुढं बसवायचं? डॉक्टरांनी आराम सांगितलाय.

कामिनी : मी नाही बसवलं. दोन महिन्यांपूर्वी मी खेळत होती, हे मागे येऊन उभे राहिले अन् म्हणाले, 'तुह्या इंजिनाले पाया नाही.' तेव्हापासून रोज दुपारी बसतात. तुम्हाले माहीत आहे का, त्याआधी दुपारी काय करत होते हे? गॅलरीत उभं राहून खालच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजत होते.

सुशील : मला आत्ता हे नको. कुलूप तोडायचं का, एवढं सांगा. तोडतो मी.

रुपराव : तोडशीन?

सुशील : मग काय करू बाबा? गोडाऊनवाल्याला शब्द दिलाय. तुम्हाला विचारून दिला. तुम्ही हो म्हटलं, याच सोफ्यावर बसून.

रुपराव : म्हटलं. तुह्या चेहऱ्याकडे पाहून म्हटलं.

सुशील : म्हणजे?

रुपराव : भेला होता तू. दवाखान्यातून मले आणलं तेव्हा रात्री चारदा उठून पाहून जात होता, मी झोपलो का. म्हटलं, पोराले हो म्हणून टाकू, त्याले झोप तं येऊ दे.

सुशील : भ्यायचं नाही तर काय करायचं? चक्कीत पोतं उचलताना पडलात, दीड तास तुम्ही पोत्यांवर पडून होते बाबा. एकटे. प्रयागबाई तिच्या खानावळीचं दळण घ्यायला आली नसती तर? तिनं मला अकरा फोन केले. अकरा. माझा फोन सायलेंटवर होता, मीटिंगमध्ये होतो मी. ते अकरा मिस्ड कॉल मी अजून डिलीट नाही केले. आता फोन वाजला ना, की आधी तुमचंच नाव आहे का पाहतो मी.

रुपराव : हे कधी सांगितलं नाई तू.

सुशील : काय सांगायचं त्यात?

कामिनी : मलेही नाही सांगितलं तुम्ही.

सुशील : जाऊ दे. बाबा, मी ती चक्की माझ्यासाठी नाही विकून राहिलो. तुम्ही आरामात राहावं म्हणून. इथं कूलर आहे, टीव्ही आहे, गोळ्या वेळेवर मिळतात. काय कमी आहे सांगा, उद्या आणतो.

रुपराव : ये, इथी बस.

सुशील : बाबा, शालिकराम...

रुपराव : कन्हान काही जवळ नाई. बस. कामिनी, एक नवीन इंजिन अन् चक्की मांड वं. टाकी पण लाव. पाण्याची.

कामिनी : मांडलं, चक्की पण मांडली. गव्हाची पेटी रिकामीच आहे बाबा.

रुपराव : राहू दे खाली. सुशील, हा बटन दाबला का बादली टाकीत खाली होते. तुले फक्त एवढंच कराचं आहे. इंजिन तापलं का पाणी टाकाचं.

सुशील : मी गेम खेळायला नाही आलो.

रुपराव : दोन मिनिटं बापासाठी. हे केलं चालू. कोणता रंग आहे?

सुशील : निळा.

रुपराव : आता?

सुशील : हिरवा. पाणी टाकू?

रुपराव : टाक.

सुशील : टाकलं. तरी वर चढून राहिलं. नारंगी झालं.

रुपराव : आणखी टाक.

सुशील : टाकतोय ना! थांबत नाही हे. कामिनी, मोठी बादली नाही का?

कामिनी : सगळ्या एवढ्याच असतात.

सुशील : अरे, लाल व्हायला आलं! टाकलेलं पाणी जातं कुठं? यात काहीतरी बिघाड आहे. बंद कसं करायचं?

रुपराव : बिघाड नाई. इंजिन चांगलं आहे. एकदम चांगलं आहे. तू पण बरोबर पाणी टाकून राहिला. त्याले काम नाई, एवढंच.

कामिनी : बाबा! भावना आली! थांबा, लिहिते तिले— 'गहू सोड, लवकर'— सोडला, सोडला. पाईपातून येऊन राहिला.

रुपराव : येऊ दे. सुशील, हात काढ बटनावरून. काही नको करू आता. फक्त पाह्य.

सुशील : ...दाणे चक्कीत गेले.

रुपराव : आता रंग सांग.

सुशील : नारंगी. नारंगीच आहे. नाही, उतरला. हिरवा.

रुपराव : आवाज ऐक. जड झाला ना थोडा? दाणा लागला का असाच जड होते आवाज. मले पडद्याआडून समजे, गहू आहे का चणा. वाडीच्या त्या भाड्याच्या खोल्यायतले बिहारी हमाल सत्तूसाठी भाजलेले चणे आणत, तं आवाज वेगळाच येई. खर-खर. त्याईचे डबे मी शेवटी घेत होतो, म्हणजे त्याईले कामावरून येऊन लगेच भेटत.

सुशील : तुम्हाला हा गेम एवढा कसा समजतो?

रुपराव : गेम मले कुठं समजते? मी चक्की फोडली सकाळी, इच्यावर विश्वास ठेवून. पण हे एक समजलं. पोरा, तू सहा महिने पाणी टाकून राहिला माह्यावर. कूलर लावला, गोळ्या दिल्या, मऊ भात दिला. कामिनीनं तेल लावलं पायाले. मी म्हणत नाई का नको होतं. पाणी पाहिजेच. पण दळण नाई ना माह्यापाशी. कोणी डबा ठेवत नाई समोर. कोणी म्हणत नाई, रुपरावभाऊ, बारीक दळजा. मी सकाळी उठतो अन् मले करमत नाई. रडू येते कधी कधी. आत्ता सांगून राहिलो, कारण आत्ताच मले समजलं काहून येते.

कामिनी : बाबा...

रुपराव : तू नको रडू वं. पिठाचा पाईप पाह्य, जोडला का.

कामिनी : जोडला. निळा आहे.

सुशील : मला एकदाही का नाही बोललात?

रुपराव : तू अकरा फोनाचं बोलला का?

सुशील : डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं बाबा...

रुपराव : काय सांगितलं होतं? मी तिथीच होतो, खाटेवर. पोतं उचलू नका म्हणे. चक्की बंद करा, असं त्याच्या तोंडून निघालं नाई. ते तू ऐकलं.

कामिनी : हे खरं आहे. कागदावर पण तेवढंच आहे. वजन उचलणे टाळा, धक्क्याची कामं नको. मी दर महिन्याले वाचते.

सुशील : धक्क्याची कामं नको. आणि ते इंजिन? हँडल मारून चालू करायचं ते काय फुलं वेचणं आहे? लाइट गेली की तुम्ही हँडल मारणार. मारणारच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

रुपराव : ते खरं आहे. हँडल दिसलं का हात जाईन माहा.

सुशील : मग?

रुपराव : मंग इंजिन देऊन टाक शालिकरामले.

सुशील : काय?

रुपराव : देऊन टाक. आज येते तं आजच ने म्हणा. लाइट आहे तोवर मोटारीवर दळू, लाइट गेली का बाकड्यावर बसू. बायायले काय, गप्पा मारतीन.

कामिनी : पण बाबा, त्या इंजिनाचा आवाज... तुम्ही तर म्हणता, माझ्या लग्नाच्या वरातीपेक्षा त्याचा आवाज लांब जाई.

रुपराव : जाई. नाक्यापासून लोक ओळखत, रुपरावची चक्की चालू झाली. जाऊ दे आता. त्याले त्याच्या जागी काम मिळन. शालिकराम नदीकाठच्या वांगीवाल्याले देणार आहे ते, पाणी ओढाले. दगड राहू दे फक्त. दगड अन् मोटार.

सुशील : आणि गोडाऊनवाला?

रुपराव : मागची अर्धी शेड त्याले दे. रोडकडची आपली. तो माल ठेवते, त्याले कडुलिंब कशाले पाहिजे?

सुशील : तो ऐकेल का, माहीत नाही.

रुपराव : विचार तं खरं. नाई म्हटलं तं दुसरा पाहू. वाडीत गोडाऊनवाल्यायची कमी आहे का?

सुशील : आणि तुम्ही एकटे असणार तिथं. मी ऑफिसात. हेच तर सगळं.

रुपराव : एकटा कुठं? प्रयागबाईची खानावळ भिंतीले भिंत लागून आहे. सकाळी नऊ ते बारा, बस. बाराले कुलूप.

सुशील : बाराला म्हणजे बाराला. 'एक डबा राहिला' नको.

रुपराव : एक डबा राहिला तं...

सुशील : बाबा.

रुपराव : बाराले कुलूप.

कामिनी : अन् पोतं?

रुपराव : ज्याचं पोतं त्यानं उचलाचं. भिंतीवर लिहून ठेवजो. तू लिहून दे कामिनी, तुह्यं अक्षर चांगलं आहे. फक्त समजन असं लिहजो.

कामिनी : आता तुम्ही टोमणे मारून राहिले म्हणजे बरे आहात.

सुशील : मी सकाळी ऑफिसला जाताना सोडीन. वाट वाकडी होईल थोडी. आणि तुम्ही फोन जवळ ठेवायचा, खिशात. डब्यात नाही, कोनाड्यात नाही.

रुपराव : अन् तू आवाज चालू ठेवजो तुह्या फोनाचा.

सुशील : ...ठेवीन. ठेवतोच बाबा. तेव्हापासून चालूच आहे.

रुपराव : मीटिंगात पण?

सुशील : मीटिंगात पण. साहेब चिडतो.

रुपराव : चिडू दे. त्याले बाजरीचं पीठ देऊ.

सुशील : बरं, आता शालिकराम पोचेल. इंजिनासाठी तरी कुलूप उघडावं लागेल. की तोडू?

रुपराव : कामिनी, माह्या चष्म्याची डब्बी आण.

कामिनी : चष्मा तर डोळ्यावर आहे तुमच्या.

रुपराव : डब्बी म्हटलं मी.

कामिनी : ही घ्या. ...बाबा! किल्ली यात होती? सकाळपासून?

रुपराव : पंधरा दिवसांपासून.

सुशील : मी दोन वेळा कपाट उपसलं, गाद्या पण उचलून पाहिल्या!

रुपराव : तेव्हा मीच तं गाद्या धरून राहिलो होतो तुले. धर. वरच्या कुलुपाले थोडं उचलून फिरव, नाई तं अडकते. अन् दगडाले कोणी हात नाई लावाचा. शालिकरामले सांगजो, दगड इथीच राहते.

सुशील : सांगतो.

रुपराव : अन् थांब. जाण्याआधी एक फोन लाव. दादाजीले. नंबर माह्या फोनात आहे, 'दादाजी दगड' नावानं.

सुशील : तो कोण?

रुपराव : आपल्या चक्कीले तोच टाकी लावते. दगड फार घासला होता. सोमवारी त्याले बोलावलं होतं अन् शनिवारी मी पडलो. राहूनच गेलं ते. तसंच चालू केलं तं पीठ गरम येईन, प्रयागबाई मले बोलन. आधी टाकी लावा लागन.

कामिनी : ऐकलं ना? दगडाची टाकी. पाण्याची नाही.

सुशील : मला माहीत आहे. चक्कीवाल्याचा पोरगा आहे मी. लहानपणी तो येई ना, तेव्हा मी दारात उभा राहायचो. ठिणग्या उडायच्या.

रुपराव : आठवते तुले?

सुशील : डोळे मिटून घे, म्हणायचे तुम्ही.

रुपराव : लाव फोन. मी इकडे पाहतो. भावनाचा अर्धाच गहू झाला, पेटी भरली तं पीठ खाली सांडन.

कामिनी : रंग कोणता आहे बाबा?

रुपराव : निळा. मधात हिरवा होते, परत निळा.

सुशील : हॅलो, दादाजी? मी सुशील बोलतो, वाडीच्या चक्कीवाल्या रुपरावांचा मुलगा... हो, हो, फार दिवस झाले. दगडाला टाकी लावायची होती. सोमवारी जमेल का?... आपलाच दगड, दुसऱ्या कोणाचा नाही... हो, बाबा बरे आहेत. आहेत ना, इथंच बसून आहेत... काय म्हणता?... नाही, नाही. बसून नाहीत. दळून राहिले.